सुईखालची भीती

मामाची एक वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पट्टीनं रकाने आखलेली. रेकॉर्डचं नाव, वर्ष, संगीतकार, कुठे घेतली, केवढ्याला, आणि शेवटच्या रकान्यात ओरखडे. 'बाजू दुसरी, तिसरा तुकडा, मध्येच टकटक' अशा नोंदी त्याच्या बारीक, तिरक्या अक्षरात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार आणि मुंबईला गेला की चोरबाजारात, असं चाळीस वर्षं त्यानं रहस्यपटांचं संगीत जमवलं आहे. बर्नार्ड हरमन, मिक्लोश रोझा, सलील चौधरी, हेमंतकुमार, मदनमोहन.

मी चित्रपटांच्या ध्वनीचं काम करते. पावलं, दारं, श्वास, शांतता आणि संगीत एकमेकांत मिसळणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे मामाच्या छंदाबद्दल माझ्या मनात प्रेम होतं, तसाच एक जुना आक्षेपही होता. जुलैतल्या एका शनिवारी तो दमट कव्हरं पुसत बसला होता, बाहेर पाऊस लागला होता, आणि आमचं बोलणं त्या आक्षेपावर आलं. आठवतं तसं लिहिते आहे.

मी : मामा, गाण्यांच्या रेकॉर्डी जमवणारा माणूस मला कळतो. गाण्याला मुखडा असतो, अंतरा असतो, भाकरी थापतानाही ते गुणगुणता येतं. पण पार्श्वसंगीत म्हणजे आमटीतलं मीठ. नुसतं मीठ चिमटीत घेऊन कोण खातं?

मामा : मीठ पिकवणारा खातो. जिभेवर ठेवून बघतो, खडा कसा उतरलाय ते. मला ती चव बघायची असते. आधी ऐक, मग बोल.

त्यानं 'सायको'ची रेकॉर्ड काढली, कडांना धरून, पृष्ठभागाला बोट न लावता. सुई खाली गेली, थोडी खरखर झाली आणि व्हायोलिनं धावत सुटली.

मामा : चित्रपट १९६० चा, कृष्णधवल. हरमननं ठरवलं की चित्रात रंग नाहीत, तर वाद्यमेळातही नकोत. पितळी वाद्यं नाहीत, बासऱ्या नाहीत, ढोल नाही. फक्त तंतुवाद्यं. आणि त्यांच्या घोडीवर बसवलेला तो छोटा चिमटा, आवाज दाबणारा. सगळा चित्रपटभर तारा अशा तोंडावर हात ठेवल्यासारख्या बोलतात. मग न्हाणीघरातला खून येतो, आणि फक्त तिथे तो चिमटा काढलेला असतो. ऐक आता.

ऐकलं. तो चित्रपट मी कितीतरी वेळा पाहिला आहे, कामासाठी त्याचे तुकडे पुढेमागे करून तपासले आहेत. त्या जागी संगीत एकदम मोठं होतं एवढंच माझ्या ध्यानात होतं. या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की ते नुसतं मोठं होत नाही, उघडं पडतं. तारेवरची खळ निघून जाते.

मी : हे मी कधी ऐकलं नव्हतं. खरंच नव्हतं.

मामा : तुझे डोळे सुऱ्यावर होते. चित्रपट बघताना कान डोळ्यांच्या मागून चालतात, तसंच व्हायला हवं. पण एकदा तरी कानांना पुढे चालू द्यावं. म्हणून रेकॉर्ड.

मी : पण तू लावलीस ती चित्रपटातली रेकॉर्ड नाहीच. याची लय संथ आहे.

मामा : बरोबर ओळखलंस. चित्रपट आला तेव्हा त्याच्या संगीताची रेकॉर्ड निघालीच नाही. हरमननं १९६८ साली लंडन फिलहार्मोनिककडून त्यातले निवडक भाग डेक्कासाठी वाजवून घेतले, आणि सगळं संगीत थेट १९७५ साली, नॅशनल फिलहार्मोनिकबरोबर. पंधरा वर्षं लोकांच्या कानात ते ओरखडे होते आणि हातात मात्र संपूर्ण असं काही नव्हतं. हे माझ्याकडे आहे ते १९७५ चं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला तो गेला, 'टॅक्सी ड्रायव्हर'चं ध्वनिमुद्रण आटोपल्यावर काही तासांत. मला ही संथ लय आवडते. चित्रपटात त्याला दृश्याच्या मापानं कापड बेतावं लागलं. इथे त्यानं आपल्या मापानं बेतलं.

मी : माझं म्हणणं इथेच आहे. ते माप काढून घेतलंस की काय राहिलं? न्हाणीघरातल्या त्या दृश्यात संगीत सुरू होण्याआधी काय ऐकू येतं, आठव. पाणी. नुसती शॉवरची धार, बराच वेळ. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं, हरमननं तरीही लिहिलं आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मान्य केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाणी त्यानं सोडलं नाही. तारा किंचाळायच्या थांबतात, ती बाई खाली सरकते, आणि धार चालूच असते, काही घडलंच नाही अशी. मला विचारशील तर खरी भीती त्या धारेत आहे. तुझ्या तबकडीवर दोन तुकड्यांच्या मध्ये काय आहे? दोन सेकंदांची रिकामी खाच.

मामी चहा घेऊन आली होती. दारातच थांबली.

मामी : हे काय लावलंय रे? मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं मला स्वयंपाकघरात.

मामा : हिनं तो चित्रपट पाहिलेला नाही, बरं का. पाणी नाही, पडदा नाही, सुरा नाही. तरी हात थांबला ना?

मी : थांबला, कारण त्या सुरांची नक्कल मामीनं किती मालिकांमध्ये, किती जाहिरातींमध्ये ऐकली असेल. चित्रपट तिनं पाहिला नसेल, पण तो हवेतून तिच्यापर्यंत आलाय.

मामी : असेल बाई. पण मी घाबरले ती तुमच्या हिशेबानं नाही घाबरले.

ती चहा ठेवून गेली. मामा हसला नाही. कप हातात घेऊन थोडा वेळ विचार करत बसला.

मामा : तुझी धार मला मान्य आहे. ती मला जमवता येत नाही.

मी : मग 'द बर्ड्‌स'चं काय करशील? १९६३ चा. त्यात वाद्यवृंदच नाही. रेमी गासमान आणि ओस्कार झाला यांनी ट्राउटोनियम नावाच्या विजेच्या वाद्यावर पक्ष्यांचे आवाज घडवले. हरमनसारखा माणूस हाताशी असताना त्याला हिचकॉकनं ध्वनीचा सल्लागार नेमलं, सूर लिहायला सांगितलंच नाही. शाळेच्या मैदानातल्या खेळण्याच्या लोखंडी सांगाड्यावर कावळे एकेक करून जमतात तेव्हा कानावर काय येतं? शाळेतल्या मुलांचं गाणं, दुरून, साधं. त्या दृश्याचं संगीत तू कुठल्या कव्हरात घालशील?

मामा : नाही घालता येणार. तो माझ्याकडे चित्रपट म्हणूनच आहे. पण मग मी तुला दुसरी गोष्ट विचारतो. ज्या संगीताला चित्रपटच मिळाला नाही, त्याचं काय करायचं?

तो उठला. दुसऱ्या कप्प्यातून एक रेकॉर्ड काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली.

मामा : 'टॉर्न कर्टन', १९६६. हिचकॉकला हलकंफुलकं, नव्या पिढीला रुचेल असं काहीतरी हवं होतं. हरमननं लिहिलं ते शिसं ओतल्यासारखं जड. सोळा हॉर्न, बारा बासऱ्या, नऊ ट्रॉम्बोन, दोन ट्यूबा, दोन जोड्या टिम्पनी, आठ चेलो, आठ डबल बास. व्हायोलिन एकही नाही! 'सायको'त फक्त तारा घेणारा हाच माणूस. ध्वनिमुद्रण चालू असतानाच हिचकॉकनं ते थांबवलं. जॉन अॅडिसनकडून दुसरं संगीत करून घेतलं. अकरा वर्षांची जोडी तिथे तुटली, ती कायमची.

मी : आणि त्यातल्या शेतघरातल्या खुनाला संगीतच नाही. मी ते दृश्य शिकवताना दाखवते. माणूस मारणं किती कष्टाचं, किती लांबणारं काम आहे, ते नुसत्या धापा आणि आपटण्याच्या आवाजांवर कळतं. तिथे सोळा हॉर्न वाजले असते तर प्रेक्षकाला सुटका मिळाली असती. हा सिनेमा आहे, एवढं म्हणायला जागा मिळाली असती. हिचकॉकचं बरोबर होतं.

मामा : त्या दृश्यापुरतं असेल. पण हरमननं त्या दृश्यासाठी लिहिलं होतं. पुढे एल्मर बर्नस्टीन नावाच्या दुसऱ्या मोठ्या संगीतकारानं ते नाकारलेले कागद घेतले, वाद्यवृंद जमवला आणि वाजवून घेतले. ही तीच रेकॉर्ड. चित्रपटानं ज्याला उंबऱ्याबाहेर काढलं, त्याला हिनं घरात घेतलं. ऐकून सांग, हे नसायला हवं होतं का?

बासऱ्यांचा तो जथा मी आधी कधीच ऐकला नव्हता. बारा बासऱ्या एकत्र वाजल्या की गोड लागत नाहीत. थंड लागतात, फरशीवर अनवाणी पाय पडावा तशा. खालून ट्रॉम्बोन सरपटत आले. तुकडा संपला तरी मी गप्प होते.

मी : नसायला नको होतं. पण मामा, हे त्या दिवशी वाजलेलं नाही. नंतर वाजवलेलं आहे. संग्राहक म्हणून तुला ही तफावत खटकत नाही?

मामा : लपवली तर खटकते. सांगितली तर नाही. म्हणून तर वही. अस्सल काय, पुन्हा वाजवलेलं काय, कुणी, कधी, हे लिहिलेलं असलं की माझं मन शांत असतं. 'व्हर्टिगो'ची माझी नोंद वाच.

वाचली. एका चित्रपटाच्या नावाखाली अर्धं पान भरलं होतं. १९५८. अमेरिकेत वादकांचा संप, म्हणून हरमनला स्वतःचं संगीत स्वतः मुद्रित करता आलं नाही. म्युर मॅथिसननं लंडनमध्ये सुरुवात केली. तिथल्या वादकांनीही संपाला पाठिंबा दिल्यावर उरलेलं काम व्हिएन्नाला गेलं. लंडनचं स्टिरिओ, व्हिएन्नाचं मोनो. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'बदल कुठे होतो ते कान देऊन ऐकणे.'

मी : याचा पुढचा भाग माझ्या धंद्यातला आहे. १९९६ साली रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्‌झ यांनी 'व्हर्टिगो'ची जुनी प्रत दुरुस्त केली तेव्हा संगीताच्या मूळ पट्ट्या वेगळ्या सापडल्या. म्हणून ते संगीत स्टिरिओत, आधी कधी नव्हतं इतकं भरदार ऐकू आलं. पण त्याच्या जोडीला बसतील असे बाकीचे आवाज नव्हते. पावलं, गोळीबार, सगळं नव्यानं करून बसवावं लागलं. त्यावर केवढे वाद झाले! जाणकारांना ती नवी पावलं परकी वाटली.

मामा : मग? जे वेगळं ठेवलं होतं ते वाचलं. जे नाही, ते पुन्हा करावं लागलं. हे तर तू माझ्या बाजूनं बोललीस.

हे मी मामाच्या बाजूनं बोलले होते खरं. आणि मला त्या क्षणी, इतके महिने मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट सांगावीशी वाटली.

मी : मामा, गेल्या वर्षी माझ्याकडे एक जुना हिंदी रहस्यपट आला होता. नाव नको. त्यात एक जिना आहे. नायिका मेणबत्ती घेऊन चढते, आणि त्यावर चाळीस-पन्नास सेकंदांचं व्हायोलिन आणि व्हायब्राफोन. इतकं सुंदर की मी काम थांबवून ऐकत बसले. मला ते तेवढंच वेगळं हवं होतं. शोधाशोध केली. संगीताची पट्टी नाही, निगेटिव्ह नाही, फक्त एक मॅरिड प्रिंट. चित्राच्या कडेला ती ध्वनीची बारीक नागमोडी पट्टी, त्यात संवाद, पावलं, किंकाळी, संगीत, सगळं एकत्र दळलेलं. पिठातून गहू परत काढायचे तसं ते. नव्या सॉफ्टवेअरनं प्रयत्न केला. किंकाळी काढली की व्हायोलिनचा वरचा सूरही तिच्याबरोबर निघून जायचा, आणि व्हायोलिन ठेवलं की किंकाळी राहायची. तीन रात्री बसले. कुणीतरी जीव ओतून वाजवलेलं ते संगीत किंकाळीला चिकटलेलंच राहिलं.

मामानं टर्नटेबल बंद केलं. पावसाचा आवाज खोलीत आला.

मामा : आपल्याकडे हेच झालं. गाणी वाचली, कारण गाणी विकली जात होती. 'महल', 'मधुमती', 'बीस साल बाद', 'वह कौन थी', 'गुमनाम', सगळी या कपाटात आहेत, पण गाण्यांपुरती. आपल्या राजाभाऊ परांजप्यांचा 'पाठलाग' १९६४ चा, संगीत दत्ता डावजेकरांचं. दोनच वर्षांत राज खोसलांनी त्यावरून 'मेरा साया' केला, संगीत मदनमोहनचं. एकच रहस्य दोन भाषांत, दोन संगीतकारांनी कसं हाताळलं ते शेजारी शेजारी ठेवून बघावं. गाण्यांची तुलना मी रेकॉर्डवर करू शकतो. मधल्या मोकळ्या जागांची कशावर करू? आणि ज्या चित्रपटांत गाणीच नव्हती, चोप्रांचे 'कानून' आणि 'इत्तेफाक', दोन्हींचं पार्श्वसंगीत सलीलदांचं. चाळीस वर्षांत त्या दोघांसाठी ठेवलेली जागा माझ्या कपाटात भरलेली नाही.

मी : आणि जे वाचलं त्यावरही नावं कुठे आहेत? वाजवणाऱ्यांची?

मामा : 'महल'ची मूळ तबकडी आठव. लताबाईंचं नावसुद्धा नव्हतं. लेबलवर गायिका म्हणून 'कामिनी', पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला विचारून विचारून खरं नाव बाहेर काढलं. गाणारीची ही गत, तर वाद्यवृंदात मागे बसलेल्यांची काय? गोव्याहून आलेली ती सगळी मंडळी, नोटेशन वाचणारी, रात्रीतून पन्नास वाद्यांचे कागद लिहून देणारी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी वर्षानुवर्षं वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा. ही दोन नावं आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या पुढ्यात बसून वाजवणाऱ्या कितीकांची नाहीत.

मी : 'महल'मधल्या लताबाईंच्या त्या गाण्याचं एक मला फार आवडतं. लताबाईंनी सांगितलंय, सुरुवातीच्या ओळी त्यांनी माइकपासून दूर उभं राहून गायल्या आणि गात गात माइककडे चालत आल्या. भीती चालीत जेवढी, तेवढीच त्या अंतरात. हे माझं काम आहे मामा, ध्वनीचं.

मामा : आणि ते अंतर तबकडीवर उतरलंय ना? ऐकू येतं ना अजून? मग तुझं काम माझ्या कपाटात आहे.

त्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि सुचवून घ्यावंसंही वाटलं नाही. रहस्यपटाचं संगीत त्याच्या जागेवरून हललं की अर्धं होतं, असं मी आजही मानते. पण जागेवरून कधीच न हललेलं संगीत त्या जागेबरोबरच जातं, हे मी माझ्या हातानं अनुभवलं होतं. मामा ज्याला संग्रह म्हणतो तो हौसेचा ढीग नव्हे. कुणीतरी केलेलं काम कुठून आलं आणि कुठे बसत होतं याची ती साक्ष आहे. तिला दोन्ही लागतं, वेगळी ठेवलेली पट्टी आणि ती कुठून काढली याची नोंद.

मी : तुझ्या वहीत एक रकाना कमी आहे. 'चित्रपटात कुठे'. त्याच्या आधी काय ऐकू येतं, नंतर काय. 'सायको'पुढे लिही : आधी पाणी, नंतर पाणी.

मामा : लिहितो. पट्टी आण, त्या टेबलावर आहे. पण मग तूही एक कर. आत्ता जो चित्रपट करते आहेस, त्याचं संगीत सुटं ठेवून दे. आणि त्याच्यावर नावं लिही. सगळ्यांची.

संध्याकाळपर्यंत आम्ही रकाना आखत बसलो. वहीच्या समासात जेमतेम बोटभर जागा होती, म्हणून अक्षर आणखी बारीक करावं लागलं. 'टॉर्न कर्टन'पुढे मामानं लिहिलं, 'चित्रपटात नाही. तिथे धापा.'

सोमवारी मी मुंबईला कामावर आले. त्या चित्रपटात भीतीच्या दृश्यांना चौदा जणांनी वाजवलं होतं. संगीत देणाऱ्या मुलाला फोन करून मी एकेक नाव विचारलं. दोघांची आडनावं त्यालाही माहीत नव्हती, त्यानं पुढे फोन लावले. दुपारपर्यंत चौदाच्या चौदा मिळाली. सुट्या संगीताच्या पट्ट्यांबरोबर जाणाऱ्या कागदावर ती लिहिली : व्हायोलिन सहा, व्हायोला दोन, चेलो तीन, बास एक, बासरी एक, व्हायब्राफोन एक. नावं पुरी, आडनावासकट.